चार-चाळीसचा उंचवटा

साखरीनाट्याच्या मच्छीमार सोसायटीत
फायबर तुटून अकरा दिवस झाले होते.
रस्तावाल्यांचा जेसीबी, दुसरं काय.
मी राजापुरातून आलो मोटारसायकलवर,
सॅकमध्ये मोडेम, दोन कंपन्यांची दोन सिमं
आणि जुलेखा सोलकरबाईंनी फोनवर सांगितलेला
कॅल्क्युलेटरचा सेल.

फायरवॉल कपाटावर, बर्फाच्या पावत्यांमागे,
खारं वारं खाऊन स्क्रू तांबूस झालेले.
बाई तिला राखणदार म्हणतात.
"आतल्यानं बाहेर जावं, बाहेरच्यानं विचारून यावं,
एवढंच ना काम त्याचं?"
एवढंच.
ते लिहायला मला सत्तावीस नियम लागतात.

मोडेम खोचला. आधी तो स्वतःला पेन ड्राइव्हच समजत होता,
समजूत घातल्यावर मोडेम झाला.
एपीएन भरलं, मधे जागा न सोडता.
सिग्नल: उणे एकशे अकरा.
उण्यात आकडा जितका लहान तितकं बरं,
असं सांगत होतो, तर बाई म्हणाल्या,
"म्हणजे बोटीच्या कर्जासारखं."

खिडकी डोंगराकडची, म्हणून छपरावर चढलो.
पाइप दोन बोटं फिरवावा
आणि खालून बाईंच्या भाच्यानं ओरडावं:
एकशे तीन! अठ्ठ्याण्णव!
परत एकशे सात, काका, काय केलंत?
ब्याण्णवला नट आवळला. वर ग्रीस फासलं.

मग पहारा लावला.
दर दहा सेकंदांनी एक छोटी हाक बाहेर जाते:
आहेस का?
उत्तर किती मिलिसेकंदांत आलं ते लिहून ठेवायचं.
तीन हाका वाया गेल्या की लाइन पडली समजायचं,
मोडेमची वीज तोडायची, परत द्यायची.
उत्तराला तीनशेच्या वर लागले
तर दिवा पिवळा, आणि मला मेसेज.

मेसेज रोज येऊ लागले.
रोज चार-चाळीसच्या सुमारास
साठावरची रेघ चढत चढत सहाशेवर,
सात वाजता परत सपाट.
फक्त शुक्रवारी नाही.
मी उन्हावर संशय घेतला. सिम बदललं.
भरती-ओहोटीचं कोष्टक शेजारी ठेवून पाहिलं.
कंपनीला फोन लावून अठ्ठावीस मिनिटं सनई ऐकली.

शेवटी बाईंनीच विचारलं, खुर्ची न वळवता:
"शुक्रवारी बोटी कुठं जातात?"

साठ-सत्तर बोटी टॉवरच्या टप्प्यात येतात
आणि तांडेलापासून नेपाळच्या पोरापर्यंत
सगळ्यांचे फोन एकदम जागे होतात.
कुणी घरी लावतो, कुणी दर विचारतो,
कुणी नुसताच व्हिडिओ उघडून बसतो.
सोसायटीचं एक ई-मेल
त्या गर्दीत मागे उभं राहतं, बिचारं.

मी तेवढ्या वेळेपुरती मर्यादा नऊशेवर नेणार होतो.
बाई म्हणाल्या, राहू दे तो पिवळा.

फायबर जोडलं. मोडेम आता राखीव, नुसता उभा.
पहारा मात्र बंद केला नाही.
कमिटीच्या कागदावर कारण लिहिलं: बॅकअप.

परवा मंगळवारी रात्री आठला त्यांचा फोन.
"मोडेमची लाइन बघा जरा."
इथून बघितली. उणे ब्याण्णव.
साठ मिलिसेकंद. एकही हाक वाया नाही.
दिवा हिरवा,
दुपारपासून हिरवागार.
तसं सांगितलं.
"तेच," बाई म्हणाल्या.
त्यांच्या मागे पत्रा वाजत होता.

पुढे आम्ही बोललो नाही, फोनही ठेवला नाही.
दोन गावांतून एकच सपाट रेघ बघत राहिलो.
आठ-सतराला साठाचे चौऱ्याहत्तर झाले.
"आली वाटतं एखादी," मी म्हणालो.
"एखादी नको," त्या म्हणाल्या. "थांबा, ठेवू नका."